समुद्राच्या कागदावर डेअरीचा शिक्का

तेलगाव, जिल्हा बीड

ईवाई रामहरी गुरुजींना धुळाजीचा रामराम. तुमचे गुडघे कसे हायत? ईनबाईंचा खोकला गेला आसंल. आमच्याकडं समदे खुशाल, म्हशी बी. आमच्या वनिताचा फोन आलता. तुमचे सोमनाथ, आमचे जावई, समुद्राकाठी नवं घर बांधायलेत, म्हैन्याच्या शेवटी पाया भरनार म्हनली. पाया भरू नका. (का म्हनून ते लांबड हाय, चष्मा लावून बसा.)

माझी नात ऋतुजा कालिजात शिकती. ती म्हनली, आज्जा, आत्याच्या नव्या घरापासून समुद्र किती लांब हाय ते बघायचं का? शास्त्रज्ञ लोकांनी म्हनं समुद्रात अन बंदरात मशिनी बसवल्यात. पानी किती चढलं, लाटा केवढ्या, समदं मोजत्यात, वरून उपग्रहाचे फोटू, आन ती म्हायती कुनालाबी बघायला उघडी ठेवलीय. फुकट. आता गुरुजी, फुकट म्हनल्यावर कागदं लागनारच. तिचं पुढचं मी ऐकलंच न्हाई. आधार, दोन फोटू, सातबारा घेऊन सेतू केंद्रात गेलतो. दोन तास रांगंत. तिथला समाधान म्हनला, कोनत्या योजनेचा अर्ज? म्हनलं, समुद्राचा. त्यानं गट नंबर इचारला, कंप्यूटरात लई खाली-वर केलं, अन शेवटी म्हनला, "मामा, बीड जिल्ह्याला समुद्र न्हाई." (हे मला ठावं नव्हतं व्हय.)

घरी आलो तर पोरीनं चहाला उकळी यायच्या आत मोबाईलवर उघडून दावलं. अर्ज न्हाई, सही न्हाई. तुमच्या किनाऱ्याची वीस वर्सांमागची रेघ अन आताची रेघ. पानी चाळीस पावलं आत आलंय, अन तुमचा पाया तिथून साठ पावलांवर. आमी इथं पान्यामागं फिरतो, तुमच्याकडं पानीच मानसामागं लागलंय. ऋतुजा म्हनती हा अंदाज हाय, मशीन लांबच्या बंदरात हाय, तिथल्या जानकार इंजिनेराला दावून घ्या. दावा. पन वरच्या अंगाला आंब्यापाशी तुमचीच जागा पडलीय, तिथं बांधा.

त्या रेघांचा नकाशा कागदावर छापून सोबत धाडलाय. बिनशिक्क्याच्या कागदाला कोन इचारतंय, म्हनून ग्रामसेवकाकडं गेलतो, तर म्हनं समुद्र आपल्या हद्दीत न्हाई. मग दूध डेअरीचा चेरमन मीच हाय, शिक्का घरातच. मारला. आंब्यापाशी निळं दिसतंय ते पानी न्हाई, शाई हाय.

तुमचा,
धुळाजी

ता. क. : जागेवरून जावयाला बोलू नका. लग्नाच्या बोलीत मीच आडून बसलतो, की दारातून पानी दिसलं पायजे, तरच पोरगी देतो. वनितानं टँकरपासून लई घागरी वाहिल्या हो. समुद्राचं पानी पेत न्हाईत हे तवा माझ्या ध्यानात आलं न्हाई (अन तुमी गुरुजी असून बोलला न्हाई). सोमनाथ बिचारा शब्द पाळायलाय. अट मी मागं घेतली, तेवढं तुमीच त्याला सांगा. माझ्या तोंडातून निघंना.

आनखी एक : ऋतुजा आत्ताच म्हनली, वरच्या जागेवरून पानी जास्तच दिसतं. मग अट मागं घेतली म्हनू नका. पुरी झाली म्हना.