दोनशे छप्पनांतले बारा

माय, तू गेलीस तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आता चौऱ्याहत्तरची आहे, म्हणजे तुझ्या दुपटीहून जास्त जगून झालं. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. पण मोजणं तुला येत होतं, माझ्या शाळेतल्या कुणाहीपेक्षा चांगलं, आणि मला सांगायचं आहे ते मोजण्याचंच आहे.

तो दिवस मला अजून दिसतो. मी सहा-सात वर्षांची असेन. चुलीवर पेज शिजते आहे, भाऊ तुझ्या मांडीवर आहे, आणि तू चिंचोके फोडून त्यांची दोन-दोन दळं करते आहेस, खेळायला. आतून पांढरी, बाहेरून काळी. मी शहाणपणानं सांगितलं की दोन दळं टाकली तर तीनच गोष्टी होतात: दोन्ही पांढरी, दोन्ही काळी, नाहीतर एक-एक. म्हणजे तिन्ही सारख्याच वेळा पडणार. तू हसलीस. एका दळाला हळदीचं बोट लावलंस आणि दोन्ही मातीवर ठेवलीस. "इकडं पाय. हळदीचा पांढरा अन् दुसरा काळा, हे एक. हळदीचा काळा अन् दुसरा पांढरा, हे दुसरं. दिसाले सारखं दिसते वं, पन येते दोन वाटांनं. दोन्ही काळे याले मात्र एकच वाट." मग आपण किती वेळ टाकत बसलो. चार डावांत साधारण एकदा दोन्ही काळी पडत होती. पेज लागली आणि आजी ओरडली.

भावाचं दुखणं त्याच्या आधीच सुरू झालं होतं. वर्षाचा होण्याआधी त्याच्या हातापायांची बोटं सुजली. मग डोळे पिवळे, मग ताप, आणि थंडी पडली की हाडं दुखतात म्हणून असं रडणं की शेजारची माणसं दार लावून घेत. चिचगडहून एका जाणत्याला आणलं. त्यानं पोटावर डाग दिले. तू भावाला घट्ट धरून बसली होतीस, कारण दुसरं कुणी धरायला तयार नव्हतं. बाबा अंगणात पाठ करून उभे होते. भाऊ तीन वर्षांचा होऊन गेला. त्याच्या पाठची बहीण दोनाचीही झाली नाही. तिलाही तेच, आधी बोटं. त्या वेळी तू जाणत्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीस, म्हणून ती मेल्यावर आजीनं साऱ्या गावाला सांगितलं की हिनंच लेकरू मारलं.

मग तू पुन्हा पोटुशी राहिलीस. धानाचं रोवणं चालू होतं. बांधावर भाकर खाताना तू मला विचारलंस, "तू शाळा शिकून राहिली. सांग बरं, हे तरी वाचंल का?" मी म्हटलं, "दोन गेले ना माय, आता तिसऱ्यांदा थोडंच तसंच पडते." तू उरलेली भाकर फडक्यात बांधलीस. मग म्हणालीस, "मांगचा डाव चिंचोक्याले कायले आठवंल?" आणि उठून पुन्हा रोवायला वाकलीस. तुला माहीत होतं. मला नव्हतं. बाळ गोरंगोमटं झालं, आठ महिने हसलं, आणि नवव्या महिन्यात तू त्याला अंघोळ घालताना थांबलीस. त्याची मूठ उघडलीस आणि तशीच बसून राहिलीस. पाणी थंड झालं तरी तू हलली नाहीस. मी बोटं बघितली, तुझ्याकडे बघितलं नाही.

तेही गेलं. बाबांनी दुसरी बायको केली, आपण तिला धाकटी म्हणायचो. तिला मुलगा झाला, वर्षाचा होईस्तोवर अंगणभर रांगला, त्याला साधा तापसुद्धा आला नाही. विहिरीवर, सगळ्या बायांसमोर, आजी तुला म्हणाली, "बी तेच. वावर बदललं, अन् पीक पाय कसं आलं!" बाया मान डोलावत घागरी भरत राहिल्या. डोळ्यांसमोर पुरावाच रांगत होता. त्या दिवसापासून तू स्वतःच धाकटीच्या लेकराला हात लावणं सोडलंस. ते तुझ्याकडे यायचं, तुझा पदर ओढायचं, आणि तू हात मागे बांधून उभी राहायचीस. तुला वाटत होतं, तुझ्या हातातच काही आहे.

माय, मी नर्स झाले. नोकरीची शेवटची वर्षं उरली होती तेव्हा आम्हाला एका शिबिराला पाठवलं. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर चौकोन काढून त्याची चार घरं केली. म्हणाल्या, आईच्या रक्तात अर्धा दोष, बापाच्या रक्तात अर्धा दोष, दोघंही दिसायला ठणठणीत. मूल होतं तेव्हा आईकडून चांगलं किंवा वाईट, बापाकडूनही चांगलं किंवा वाईट. दोन्हीकडून वाईट आलं तरच सिकलसेल हा रक्ताचा आजार. चारांतलं एक घर, आणि प्रत्येक मुलाच्या वेळी पुन्हा नव्यानं तीच चार. लहान मुलांची बोटं कशी सुजतात त्याचा फोटो त्यांनी दाखवला. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. परत येऊन विचारलं, "आणि त्याच बापाची दुसरी बायको निर्दोष असेल तर?" त्या म्हणाल्या, "मग एकही मूल आजारी पडणार नाही, बाई. फार तर काहींच्या रक्तात अर्धं उतरेल."

मी माझं रक्त तपासायला दिलं. अर्धं निघालं. मग सुट्टी टाकून गावी गेले आणि सावत्र भावाला आणि धाकटीला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. ती तेव्हा वयानं वाकली होती; रक्त कशाला, हे तिनं विचारलं नाही. तिचं रक्त स्वच्छ निघालं. त्याचं अर्धं. म्हणजे ते त्याला बाबांकडूनच आलं होतं, दुसरी वाटच नव्हती. अंगणात रांगणारा तो पुरावा चाळीस वर्षं बाबांविरुद्धच साक्ष देत होता, आणि आपण सगळे उलटं वाचत होतो. बाबा वारले होते, आजी वारली होती. मी हे कुणाला सांगू? धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "मले तं तेव्हाच वाटे, बाई. पन मी काऊन बोलू? मले बी राहाचं होतं तिथं."

त्यानंतर मी मोजत सुटले. चार लेकरं, प्रत्येकाची चार घरं, चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार, दोनशे छप्पन वाटा. चौघंही वाचतील अशा एक्क्याऐंशी. तिघं जातील आणि एकच राहील अशा बारा. त्यातही राहणारी मीच, अशा फक्त तीन. शंभरदा मांडलं, प्रत्येक वेळी तेवढंच आलं. दोनशे छप्पनांतले बारा, माय, आणि त्यात तुझी चूक कुठल्याच घरात नाही. हे मी तुला ओरडून सांगू शकत नाही, याचं काय करू? रस्त्यानं जाताना तुझ्या उंचीची बाई दिसली की अजून पाय थांबतात.

एक दिवस सांगायचा राहिला. मामा तुला दरेकशाला, माहेरी न्यायला आला होता. आमगावच्या फलाटावर तू गाठोड्यावर बसलीस. मला शाळा होती म्हणून मी बाबांकडे राहणार, असं ठरलं होतं. गाडीचा धूर दिसला तेव्हा तू माझा हात धरलास आणि हळूच विचारलंस, "खरं सांगजो वं. माह्यातच होतं का?" मी रुळांकडे बघत राहिले. मामानं गाठोडं चढवलं. तू खिडकीतून बघत होतीस, उत्तराची वाट बघत, गाडी वळेपर्यंत. वर्षाच्या आत मामाचा निरोप आला, तू गेल्याचा.

आजवर मी सगळ्यांना सांगितलं की मला रडू येत होतं, म्हणून बोलता आलं नाही. तसं नव्हतं. मला आजीचं खरं वाटत होतं. आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर मला हलकं वाटलं, माय. आता मी वाचेन, असं वाटलं.