दुपारचा वॉल्ट्झ

बाबा, काल आई नाचली. आरतीला टाळ्या वाजवत डोलते तशी नव्हे. माझ्या लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, पाठ ताठ करून, तुमच्या क्लबातले साहेबलोक नाचत असतील तशी. मला अजून खरं वाटत नाहीये.

लेकीचं लग्न ठरलंय. रिसेप्शनला नवरा-नवरीने जोडीने नाचायचं अशी आता पद्धत आहे, म्हणून ती आणि होणारा जावई दादरच्या एका क्लासला जातात आणि रविवारी आमच्याकडे सराव करतात. आमचं घर लालबागलाच आहे, पण आपली चाळ पाडून टॉवर उभा राहिला त्यात. तो बघायला तुम्ही नव्हतात. काल सोफा भिंतीला सरकवलेला, मोबाईलवर जुनी हिंदी गाणी लागलेली, आई कोपऱ्यात मेथी निवडत बसलेली. मध्येच जावयाला ऑफिसचा फोन आला, तो बाल्कनीत गेला. लेक तशीच हात वर धरून उभी. आईने ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले, गुडघ्यावर जोर देऊन उठली आणि म्हणाली, "चल, मी येतंय."

आम्ही हसलो. पण लगेच आमचं हसू विरलं. ऐंशी पार केलेली माझी आई, संडासापर्यंत भिंत धरून जाणारी, लेकीला घेऊन गोल फिरतेय. वॉल्ट्झचं गाणं संपून चा-चा-चाच्या ठेक्याचं लागलं, तर जरा कान देऊन म्हणते, "ह्येका कंबर लागता, ती आता माझ्याकडे नाय." तरी जागच्या जागी पावलं टाकतेच. पुढे एक संथ गाणं लागतं आणि ती डोळे मिटून सांगते, "ह्यो रुंबा." ज्या तोंडून मी आजवर माशांचे भाव आणि उपासांचे वार ऐकले, त्या तोंडून रुंबा! जावई बाल्कनीच्या दारात फोन कानाला तसाच धरून उभा राहिला.

"आई, तुला हे कुणी शिकवलं?"

"कोण शिकवतला? तुझ्या बापाशीन शिकवल्यान."

मी मोबाईलवरचं गाणं बंद केलं.

गिरणी बंद पडल्यावर तुम्ही कुलाब्याच्या क्लबात कामाला लागलात एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिथे तुम्ही नाचाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायचात, रेकॉर्डी लावायचात, हे आईने काल सांगितलं. संध्याकाळी बघून यायचात आणि दुसऱ्या दिवशी, आम्ही भावंडं शाळेत असताना, खोलीचं दार लावून स्टोव्ह आणि मोरीच्या मधल्या जागेत तिला शिकवायचात. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून गाणं तुम्ही तिच्या कानाशी गुणगुणायचात. दिवसाढवळ्या दार लागलेलं बघून शेजारीण गालात हसायची. "तिका काय वाटायचा ता वाटांदे," आई म्हणाली आणि चक्क लाजली.

आणि मी आठवत होते तो नववीतला दिवस. शाळेच्या गॅदरिंगच्या नाचात बाईंनी मला पुढच्या रांगेत घेतलं होतं. मी भाड्याने आणलेला घागरा घालून तुम्हाला दाखवायला उभी राहिले. तुम्ही जेवता जेवता हात थांबवलात. "आपल्या घरातल्या मुली स्टेजवर नाचत नाहीत. उद्या परत देऊन ये." आवाजही चढवला नाहीत. त्यानंतर मी कधीच नाचले नाही. विसर्जनात नाही, माझ्या लग्नाच्या वरातीतही नाही. तुम्हाला नाच म्हणजे घाण वाटते असं समजून मी एवढं आयुष्य काढलं.

"मग मला का नाही नाचू दिलं?" मी आईवर ओरडलेच. लेक दचकली.

आई सावकाश सोफ्यावर टेकली. "नाच वायट म्हणान नाय गो. बघणारे वायट. नाचणाऱ्या बायकांविषयी थंय क्लबात पुरुष मागसून काय काय बोलत, ता तेंनी रोज ऐकलेला. त्या दिवशी तुका घागऱ्यात बघितल्यानी आणि रातभर निजले नाय."

हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी नववीत होते, मला कळलं असतं. आणि आईला शिकवलंत तसं एखाद्या दुपारी मलाही शिकवता आलं असतं. कालपासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय, आणि मध्येच तुम्ही बनियनवर, आईच्या कानाशी तोंड नेऊन गुणगुणताना दिसता. तो माणूस मी कधी पाहिलाच नाही. भांडण तिथेच अडतं.

हे लिहिलेलं मी कुणाला वाचून दाखवणार नाही, आईला तर नाहीच. तिला वाटतंय, कारण कळलं म्हणजे माझा राग गेला.

एक मात्र सांगते. जाताना जावयाने पुन्हा वॉल्ट्झ लावला, तेव्हा आईने माझ्यापुढे हात केला. "आता तू ये." मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि स्वयंपाकघरात पळाले.

गॅसवर काहीच नव्हतं, बाबा.