बिनदाताचा जबडा

राणीसावरगाव, बुधवार. दिवाळी होऊन आठवडा झाला.

आज दहावीला मानवाची उत्क्रांती शिकवली. पुस्तकाबाहेरचं सांगायची मला लय हौस. लाखो वर्षांपूर्वीच्या एका म्हाताऱ्याच्या कवटीचं चित्र दाखवलं. जबड्यात एकच दात, बाकीच्या दातांच्या जागा हाडानं भरून आलेल्या. म्हणजे दात गेल्यावरही तो काही वर्षं जगला. कुणीतरी त्याला मऊ करून भरवत असणार. "माणूस इथून सुरू होतो," मी म्हणालो. वर्ग गप्प झाला. मला बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आलो तर शेजारच्या कौसामावशी ओट्यावर. तोंडात एकही दात नाही. लेक-सून काल ऊसतोडीला गेले, जाताना ज्वारीच्या भाकरी कडक वाळवून डबाभर ठेवून गेले. त्यातलीच एक मावशींनी वाडग्यात पाण्यात घातली होती.

"भिजली का, मावशी?"

"भिजायलीय की. मला कुठं जायाचंय."

मी हसलो आणि आत आलो. गरम वरण-भात जेवलो. वरण तर आमच्याकडं रोजच उरतं. हे मला आत्ता सुचलं, की तेव्हाच सुचलं होतं?

आत्ता खिडकीतून पाहिलं. भाकरी अजून पाण्यातच आहे. उठलो नाही.

मावशींच्या लोकांत मेलेल्याला जाळत नाहीत, पुरतात. पुढं कधीतरी कुणी तो जबडा उकरून काढेल. दातांच्या जागा भरून आलेल्या दिसतील. एखादा मास्तर पोरांना सांगेल, हिला कुणीतरी मऊ करून भरवत असणार. वर्ग गप्प होईल. मास्तरला बरं वाटेल.