तेवीस शतांश ग्रॅम

डोणगाव, ४ ऑगस्ट १९६८

ती. दादास,
कोकिळेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आईच्या गुडघ्याची सूज उतरली, निंदणाला जायचा हट्ट मात्र उतरला नाही. मास्तर झाल्यापासून डोणगावची एस.टी. तुझ्यासाठी बंद झाली का, असं ती विचारते.

तुला कामाला लावते. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या मुलीने शंका विचारायच्या कोणाला? रसायनशास्त्रात मोलाचे ग्रॅम करताना गुणायचं की भागायचं, इथेच माझं घोडं अडतं. पुस्तकात सोडियमचं उदाहरण आहे, तेच सोडवून पाठव.

तुझ्या प्रयोगशाळेतले शिपाई उकंडराव आंधळे होऊन दुसरबीडला परतले म्हणे. स्वतःच्या हलगर्जीपणानेच नोकरी गेली, असं बाजारात ऐकलं. तू काहीच कसं लिहिलं नाहीस?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कोकिळा

चिखली, ११ ऑगस्ट

चि. कोकिळेस,
अनेक आशीर्वाद.

मोलाचे ग्रॅम करायचे तर गुणायचं, ग्रॅमचे मोल करायचे तर भागायचं. सोडियमचा एक मोल तेवीस ग्रॅमचा. म्हणून एक शतांश मोल म्हणजे ०.२३ ग्रॅम. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले.

उकंडरावांचे डोळे गेले त्या जूनअखेरच्या सोडियमच्या प्रयोगासाठी मी चिठ्ठीवर ०.२३ ऐवजी २.३ लिहिलं. दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि माप दहापट झालं. मी मुलांना मागे सरकवत होतो. उकंडरावांनी तोलून तुकडा पाण्यात टाकला. स्फोट झाला आणि धुरातून त्यांनी विचारलं, "साहेब, उजेड काऊन गेला?" सकाळचे अकरा वाजले होते.

चौकशीत मी म्हणालो, माप तोंडी सांगितलं होतं आणि बरोबर सांगितलं होतं. धावपळीत टेबलावरून उचललेली चिठ्ठी तेव्हा माझ्या खिशात होती.

आता तांब्यात पाणी ओतलं तरी फुसकारा ऐकू येतो. प्रयोगशाळेचं दार उघडायला गेलो की आत कोणीतरी काचा पुसत असतं. मी उंबऱ्यात थांबलो की तेही थांबतं. फळ्यावर तेवीस लिहिलं की पाठीमागून तोच प्रश्न येतो. मुलं खाली मान घालून उतरवून घेत राहतात.

आईला कळवू नकोस. जमलं तर लोभ ठेव.

निवृत्ती

डोणगाव, १८ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईला सांगितलं नाही. काल दुसरबीडला जाऊन आले. उकंडरावांच्या बायकोने, शालूबाईंनी चहा दिला. ते स्वतः ओट्यावर बसून होते. त्यांनी पहिलं काय विचारावं? "साहेबायले लागलं त नाही ना?"

मग म्हणाले, "मले चिठ्ठी याद येते. पण साहेब खोटं काऊन बोलतीन? माहीच अक्कल फिरली असंन." शालूबाई सांगत होत्या, दिवसभर बोटांवर मोजत तो प्रयोग पहिल्यापासून आठवतात आणि आपलं कुठं चुकलं ते शोधतात. तू त्यांचे डोळे घेतलेस ती चूक होती. आता त्यांची आठवणही घेतो आहेस.

चिठ्ठी फाडली नसशील तर ती घेऊन जा आणि शाळेत नि त्यांच्याकडे खरं सांग. त्यानंतरच मला पत्र लिही.

कोकिळा

दुसरबीड, २ सप्टेंबर

चि. कोकिळेस,

चिठ्ठी मुख्याध्यापकांपुढे ठेवली आणि राजीनामा दिला. उकंडरावांवरचा ठपका त्यांनी लेखी मागे घेतला. त्यांना हक्काचं सगळं मिळेल. ते पत्र घेऊन आज इथे आलो.

उकंडरावांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यापेक्षा रागावले असते तर बरं होतं. म्हणाले, "म्हणजे मी येडा नाही झालो." मग विचारलं, खरा तुकडा केवढा पाहिजे होता? ग्रॅममध्ये सांगून काय उपयोग? शालूबाईंकडून हरभऱ्याचा दाणा मागून घेतला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो अंगठ्याने चाचपला. म्हणाले, "सोळा वर्सं मी एवढाच कापत होतो, साहेब. त्या दिवशी बोराएवढा भरला तवा हात अडला होता माहा. पण चिठ्ठी तुमची होती."

त्यांनी मूठ मिटून घेतली. मी निघेपर्यंत ती उघडली नाही.

आशीर्वाद द्यायला मी मोठा उरलो की नाही, ठाऊक नाही, तरी घे.

निवृत्ती