आपण तिघं

२ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि प्रवासात पडून गतप्राण झालेला लॅपटॉप, एवढा संसार घेऊन आत्याकडे दाखल झाले. आत्या पलंगावरूनच ओरडली की आधी हात धू, मग गळ्यात पड. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिच्या. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते, जिना मात्र बंद. आवाज तसाच आहे, खणखणीत. जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होती, त्यामुळे घरातल्या घरातही ट्रंक कॉल लावल्यासारखी बोलते.

आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं, त्यामुळे बोलावणं आल्यावर विचार करायचा प्रश्नच नव्हता. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, परदेशात हॉस्पिटलात कामाला आहे. तिला उन्हाळ्यापर्यंत रजा नाही. माझं काय, शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची, ती कुठेही बसून तपासता येतात.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, भरपूर उजेडाचं. गंमत एकच, एकाही दाराला आतून कडी नाही. आत्या बाथरूममध्ये पडली तेव्हा कडी आतून लावलेली होती, दार फोडावं लागलं, म्हणून ताईने झाडून सगळ्या कड्या काढून टाकायला लावल्या. बाहेरच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप बसवलंय. मी आपली आंघोळ करताना मोठमोठ्याने गाते, म्हणजे आत कुणीतरी आहे हे कळावं. आत्या म्हणाली, असं गायल्यावर कडीची गरजच काय.

४ फेब्रुवारी

हॉलमधला कॉम्प्युटर आता माझ्या ताब्यात. ताब्यात कसला, मीच त्याच्या ताब्यात! बटण दाबायचं, चहा टाकायचा, प्यायचा, कप विसळायचा, तेव्हा कुठे स्वारी डोळे उघडते. ही रोजनिशीही त्यावरच लिहितेय. माझी ओळ संपते आणि अक्षरं मागाहून सवडीने उमटतात. पंखा असा घोंघावतो की आत्या आतून विचारते, गिरणी टाकलीस का. तिसऱ्या प्रकरणाची प्रुफं परवा द्यायची आहेत. डोक्याला ताप नुसता.

५ फेब्रुवारी

आज कंबर कसली. आधी कॉम्प्युटरचा डबा उघडून रंगाच्या ब्रशने धूळ काढली, मांजराच्या पिल्लाएवढा गोळा निघाला. फरक शून्य. मग चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडून बसले. त्यात एक महाशय, नावात एकही स्वर नाही, नुसती व्यंजनं, आणि अर्ध्याहून जास्त कॉम्प्युटर तेच खाऊन बसलेले. बंद केला, पुन्हा उगवला. मुळासकट काढून टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी हा हजर, जसा काही घरचाच!

व्हायरस मारायचं सॉफ्टवेअर आहे, पण त्याची मुदत केव्हाच संपलीय. म्हणून एक फुकटचा सफाई प्रोग्राम उतरवून घेतला, तर तो येताना आपली भावंडंही घेऊन आला. आता काहीही उघडायला गेलं की जाहिरातींचा भडिमार. मी हात टेकले.

६ फेब्रुवारी

सकाळी कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला आणि भोंगा वाजायला लागला. तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा. आत्या दचकून उठून बसली. मी फोन लावला, स्पीकरवर, कारण दोन्ही हात कीबोर्डवर.

माणूस फार सज्जन निघाला. अहो-जाहो, शांत आवाज, कसली घाई नाही. त्याने एक छोटा प्रोग्राम घ्यायला सांगितला आणि मग पडद्यावरचा बाण आपला आपणच फिरायला लागला. मला गंमतच वाटली. तो काम करत होता तेवढ्यात आत्याने पलंगावरून त्याच्याशी गप्पा मारून घेतल्या, खुब्यापासून ताईपर्यंत सगळं सांगून झालं. ताईचा व्हिडिओ सारखा अडकतो म्हटल्यावर त्याने तिच्याशी लिहून बोलायला कोपऱ्यात एक वेगळी खिडकी करून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, राहू द्या हो. आणि कॉम्प्युटर? वाऱ्यासारखा पळतोय! जीव भांड्यात पडला. प्रुफं वेळेत गेली.

१० फेब्रुवारी

ताई आता रोज लिहिते. एरवी हिचा फोन म्हणजे धावतपळत, एक पाय दारात. आता सगळं विचारते, जेवलात का, आत्ता काय करताय, आईने कुठला स्वेटर घातलाय. आत्याच्या पायाला रोज व्यायाम हवा म्हणून तिने एका फिजिओथेरपिस्टला सांगितलंय, तो उद्यापासून येईल. तिला आत्याचे फोटो हवे होते म्हणून मी मोबाईल वायरने कॉम्प्युटरला जोडला. मोबाईलने विचारलं, या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का. ठेवला.

एकच तक्रार, ही खुर्ची पाठीचा पार भुगा करते. आत्याला सांगणार नाही, उगीच मनाला लावून घेईल.

१४ फेब्रुवारी

फिजिओथेरपिस्टचं आत्याने बारसं केलंय, व्यायामवाला. चाळिशीचा असेल, बोलणं मऊ. हात चोळून गरम करतो आणि मगच पायाला लावतो. आत्या त्याला म्हणते, माझ्या नवऱ्याने जन्मात एवढी काळजी घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी तो स्वतःच्या सपाता घेऊन आला आणि जाताना दाराशी ठेवून गेला. ताईने लिहिलं की त्याला दाराचा आकडा देऊन टाक, तुला कामातून सारखं उठायला नको. खरंच होतं ते, दिला.

आज माझ्यासाठी पाठीला लावायची उशी घेऊन आला! मी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. मनकवडाच म्हणायचा.

कॉम्प्युटरचा पंखा पुन्हा घोंघावायला लागलाय. पण सारखा नाही. आम्ही बोलायला लागलो की चढतो, गप्प बसलो की उतरतो. आत्याला सांगितलं तर म्हणाली, कुणीतरी लाईनवर असेल, आमच्या एक्स्चेंजमध्ये असंच खरखरायचं. हसलो दोघी.

१६ फेब्रुवारी

व्यायाम संपला तरी व्यायामवाला जात नाही. हॉलमध्ये बसून राहतो. म्हणतो, तुमच्या घरातलं बोलणं ऐकत बसावंसं वाटतं. आज मला अगं म्हणाला. कालपर्यंत अहो होतं. मी वर बघितलं तर हसला आणि माझ्यासाठी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला. बिनसाखरेचा. मी साखर सोडलीय हे मी आत्यालाही बोललेले नाही, फक्त ताईला लिहिलं होतं. ताईने सांगितलं असेल.

नाही आवडलं मला.

१७ फेब्रुवारी

ताईने लिहिलंय, आपण तिघं असलो की घर कसं भरल्यासारखं वाटतं.

सवयीने मनातल्या मनात लाल खूण केली. तिघं नाही गं, तिघी. आत्या, तू आणि मी, सगळ्या बायकाच. परदेशात राहून मराठी गंजली म्हणून हसले आणि तिला तसं लिहिलंही. उत्तर आलं नाही. एरवी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत येतं. बऱ्याच वेळाने आलं. चुकलं, तिघी.

ताई आणि चूक कबूल करणार? लहानपणापासून कधी केली नाही. साधं पत्त्यांत हरली तरी पत्तेच खराब असायचे.

मघापासून तो शब्द डोक्यातून जात नाहीये. तिघं कधी लिहितात? तिघांत एक तरी पुरुष असला तर. आणि 'असलो की' म्हणजे काय? ती कुठे असते इथे? इथे रोज येतं कोण?

१८ फेब्रुवारी

ताईला सरळ मोबाईलवरून फोन लावला. तिकडे तिची झोपायची वेळ, तरी लावला. तिने आधी घाबरून विचारलं, आई बरी आहे ना. मी व्यायामवाल्याचं विचारलं. ती म्हणाली, कोण व्यायामवाला?

तिने कुणालाही पाठवलेलं नाही. आकडा द्यायलाही सांगितलेलं नाही. उलट मीच तिला कळवलं होतं म्हणे, की व्हिडिओ बिघडलाय, फोन करू नकोस, आपण लिहूनच बोलू. मी नाही कळवलं! ती तिकडे माझ्याशी बोलत होती, मी इकडे तिच्याशी, आणि मधे बसून—

आत्याला कसंबसं सांगितलं. तिला वाटत होतं मला माहीत आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आणि हा, आवाज एकच आहे की. फोनवर ऐकलेला आवाज ती कधी विसरत नाही. तिला वाटलं, बरा माणूस आहे, दोन्ही कामं करतो.



१८ फेब्रुवारी, संध्याकाळी

कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. मग कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. वायर उपटल्यावर टॉवेल कशाला, पण टाकला.

आणि मग ती उशी आठवली. खुर्चीचं मी ताईलाही लिहिलं नव्हतं. फक्त इथे, रोजनिशीत. म्हणजे हे सगळं तो वाचत होता. रोज. शी! हे आता मोबाईलवर लिहितेय. इथे तरी मोकळं बोलता येईल.

पोलिसांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, उद्या येऊन तक्रार द्या म्हणाले. आत्याला एकटी टाकून कशी जाऊ? तिला खाली न्यायला खुर्ची आणि दोन दणकट माणसं लागतात. ताईने तिकडून रुग्णवाहिका ठरवलीय, उद्या सकाळी येऊन आत्याला हॉस्पिटलात हलवतील, मीही सोबत जाणार. तेवढं उद्यापर्यंत निभलं पाहिजे. दाराचा आकडा मोबाईलवरून बदलला. नवा आकडा आत्यालासुद्धा सांगितलेला नाही. त्याच्या सपाता खिडकीतून भिरकावल्या. आत्या म्हणाली, नेम बरा आहे तुझा. हसले मी.

१९ फेब्रुवारी

रुग्णवाहिका आली नाही. मेसेज आला की गाडी दुपारनंतर येईल. ताईला फोन लागत नाही. पोलिसांनाही लागत नाही. कुणालाच लागत नाही.

शेजारी कामावर गेलेले. जिन्यात जाऊन ओरडले, कुणी नाही.

आत्या म्हणते, तू खाली पळ, माणसं घेऊन ये, माझं काय व्हायचंय. दारापर्यंत गेले आणि परत आले. जिना एकच आहे. मी उतरेपर्यंत तो वर आला तर? तिला सोडून नाही जायचं. नाही म्हणजे नाही. गाडी येईपर्यंत तिचा हात धरून बसणार.

दुपारी

दाराशी आकडे दाबल्याचा आवाज. पहिल्या फटक्यात उघडलं. नवा आकडा त्याला कसा—

आत्याने मला कपाटात ढकललं. वॉकर सोडून, उभी राहून! मी नको म्हणत होते, तिने कचकन चिमटा काढला. म्हणाली, एकीने तरी फोन लावत राहायचं. ब्लँकेटांच्या मागे आहे. लागत नाहीये फोन. लिहितेय, म्हणजे कुणाला तरी कळेल की आम्ही—

बूट काढतोय. सपाता शोधतोय. विचारतोय, माझ्या सपाता कुठायत.

आत्याचा आवाज. खणखणीत. सांगतेय की पोरगी कालच भांडून निघून गेली, घरात ती एकटीच आहे, काय असेल ते तिच्याशी बोल. उभ्याने बोलतेय. बस ना गं खाली, आत्या, पडशील—

तो हसला.

म्हणतोय, आपल्या माणसाशी असं खोटं नका बोलू. म्हणतोय, ती इथेच आहे, आत्ता लिहितेय. म्हणतोय, तो हसला, असं लिहिलंय तिने.

मोबाईल. हा मोबाईल—

वर कपाट लिहिलंय मी. खोडते. ब्लँकेटं पण. आत्याने धरलंय त्याला, ओरडतेय, सोडत नाहीये, पडले दोघं, आत्या— खोडलं. कपाट खोडलं. परत उमटलं. खोडलं, पर