तपासणारा: अजिंक्य

७ जुलै, सोमवार
आज पावणेअकराला शालिनी मॅडमनी मला खुर्ची दाखवली आणि सगळं बदललं. कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला सरकारी खुर्ची! कंत्राटी का होईना. कोलार रोडवरचं ऑफिस, एसी, दोनदा चहा. मोफत उपचारांच्या कार्डांतली मेलेली माणसं मशीन शोधतं. आपण तपासून ‘सहमत’ दाबायचं, की कार्ड बंद. मॅडम ग्वाल्हेरच्या, पण मराठीच. म्हणाल्या, “मशीनला जबाबदार धरता येत नाही बेटा. म्हणून तू.” सुरुचीला मेसेज टाकला, माझी मैत्रीण, पण तीन महिने अबोला. निळी खूण आली, उत्तर नाही.

१० जुलै
दिवसाला नऊशे नावं. एक फाइल उघडली की यादी तुंबते, मग मॅडमना वरून फोन. शेजारचा प्रसाद मोबाइलवर मॅच बघत दाबतो. मी फाइल वाचत बसलो तर म्हणाला, तू काय चित्रगुप्त लागून गेलास? दाब की यार. दाबतोय. मान धरली.

१५ जुलै
काल अवधपुरीत सुरुचीच्या घरी गेलो. तिच्या बाबांनी, केशवकाकांनी, दारातूनच हाकललं. आधी कॉलेज पुरं कर म्हणे. रात्रभर डोकं तापलेलं. आज यादीत त्यांचंच नाव, मशीनचा अंदाज: मृत. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा माणूस! मला माहीत होतं.
दाबलं.

१७ जुलै
सुरुचीचा फोन, तीन महिन्यांनी. रडत होती. कार्ड चालत नाही, बाबांना दवाखान्यातून परत पाठवलं. म्हणाली, तू तिथेच आहेस ना, काहीतरी कर.
मीच केलंय, हे न सांगता ‘बघतो’ म्हणालो.

१८ जुलै
‘जिवंत आहेत’ म्हणून दुरुस्ती टाकली. मशीननं परत पाठवली. शेरा: मानवी तपासणीत मृत्यू निश्चित. तपासणारा: अजिंक्य. मॅडम म्हणतात, पंधरा दिवस तरी लागतील. काकांच्या पायांवर सूज चढलीय—

२१ जुलै
आज पडद्यावर ‘सहमत’चं बटणच नाही. माझी सहमती शंभर टक्के, म्हणून आता मशीनच दाबतं. माझ्या नावानं. मी हात मांडीवर ठेवलेत— नावं सरकताहेत—

काकांच्याच कार्डावरची काकू. मृत. सहमत: अजिंक्य.
सुरुची, वय तेवीस. मृत. सहम—

फोन लावला. “हॅलो? बोल ना रे.” बोलतेय. जिवंत आहे. येतो म्हटलं. काकांना रिक्षात घालून इथे आणतो, मॅडमच्या टेबलासमोर बसवतो. आधी काकांना सांगतो की मीच—

बाहेर आलो. दार ओढून घेतलं. काचेतून दिसतंय, खुर्ची रिकामी, आणि पडद्यावर माझं नाव अजून ‘सहमत’ होतंय.