दोन अर्ध्या बॅटऱ्या

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार
सुचित्राचं पुण्याहून पत्र. जूनमध्ये माहेरी गेल्यापासूनचं दुसरं. सोळाला, रविवारी, आमच्या ईराला घेऊन सकाळी दहाला नगर स्टँडवर येते आहे. मी व्हॅन घेऊन यायचं. दोनपर्यंत वाट बघेल, मग परतीची एसटी धरेल. यानंतर मात्र विचारू नका, असं लिहिलंय. म्हणजे यायला उत्सुक आहे.
भंडारदऱ्याला नेईन. व्हॅनमध्ये झोपायला फळ्या, स्टोव्ह, मागे मी बनवलेली विजेची सायकल. मोटर भंगारातली, बॅटरी जीपची. तळ्याकाठी ईरा चालवेल.

५ नोव्हेंबर
सायकलची बॅटरी व्हॅनच्या बॅटरीवरून चार्ज केली. घरात प्लग आहे, पण तळ्याकाठी नसेल. सवय हवी. इंजिन चालू ठेवलं तर नीट चार्ज होते. पण पेट्रोल जाळून तिला विजेची सायकल म्हणणं अप्रामाणिक. इंजिन बंदच ठेवलं.

६ नोव्हेंबर
व्हॅन सुरू होईना. शेजारचा रंभाजी, भीमा, त्यांची पोरं, सगळे धक्का मारायला आले. व्हॅन लिलावातली, कुटुंब नियोजनाच्या प्रचाराची. लाल त्रिकोण रंग मारून झाकला तरी दिसतो. रंभाजी म्हणाला, सर, पोरं थांबवायची गाडी ही, आन् पोरांबिगर हलंना. सगळे हसले. मीही, जरा उशिरा.

९ नोव्हेंबर
रोज चार्जिंग, रोज धक्का. आज आठ जण. नंतर भीमाकडे चहा. व्हॅन आपोआप सुरू झाली असती तर वाईट वाटलं असतं. हे मी मुद्दाम करतो का? स्वतःला तपासलं. नाही. प्रयोग आहे.

१२ नोव्हेंबर
ऊसतोडीचे ट्रक आले. आळी रिकामी. रंभाजी वरून ओरडला, सर, चला की, कोयता देतो! रविवारी घरची मंडळी येतायत, म्हटलं. मग गाडी उतारावर लावून ठिवा, म्हणाला, आता ढकलायला कोन न्हाई.
विज्ञान शिकवणाऱ्याने उतारावर विसंबायचं? व्हॅन सपाटीवरच आहे.

१५ नोव्हेंबर
निश्चय: आज चार्जिंग नाही.
सायंकाळी ७. ईराने उतरल्या उतरल्या सायकल मागितली तर? फक्त तासभर.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ६. तारा काढायच्या राहिल्या. किल्ली फिरवली. टक्.
७.१५. स्टार्टरच्या नादात सातची एसटी गेली. दुसरी नाही. शेळ्यांसाठी मागे राहिलेली रंभाजीची आई, बनाबाई, आली. दोघांनी ढकललं. व्हॅन हलली नाही. बनाबाईंची चप्पल तुटली.
९.३०. बनाबाई विचारतात, सायकलीत भरलेली वीज माघारी गाडीत घालता येत न्हाई व्हय? समजावलं: दोन हौद नळीने जोडले की दोन्ही अर्धे होतात. अर्ध्यावर इंजिन फिरत नाही. म्हणाल्या, मंग दोन अर्धं मिळून येक हुईल की. हसलो. शास्त्र इतकं सोपं नसतं.
१.००. फाट्यावर जाऊन आलो. नगरला जाणारी जीप नाही.
२.४०. करून पाहायला हरकत नव्हती, म्हणून दोन्ही बॅटऱ्या जाड तारांनी एकत्र जोडल्या. पहिल्या झटक्यात सुरू! बनाबाई शेळ्या सोडून धावत आल्या. जावा की आता, म्हणाल्या. दोन वाजून गेलेत, म्हटलं.
४.००. इंजिन अजून चालू आहे. बंद करायचा धीर होत नाही. सायकलची बॅटरी आता छान चार्ज होते आहे.